अध्यक्षांचा नंबर

“अध्यक्षकाका, आपल्याकडे सगळे सारखे, तुम्हीही रांगेत उभे राहता, मग दरवेळी पहिला नंबर तुमचाच कसा?”

अध्यक्षांना हे तोंडावर विचारण्याची मैत्रिणींनी लावलेली पैज त्या पोरीनं दातांच्या दवाखान्यातल्या रांगेत एका दमात जिंकली.

“लोकच प्रेमानं मागे सरकतात गं बाळ, त्याला मी काय करू?”

“मी नाही सरकणार,” गाल सुजलेली एक म्हातारी म्हणाली. “तू हो मागे.”

“आजी, अहो, अध्यक्ष आहेत ते!” रांगेतलं कुणीतरी कुजबुजलं.

“असू दे की! माझी दाढ काय त्याला विचारून ठणकतेय?”

अध्यक्ष गालावर रुमाल दाबून चक्क एक पाऊल मागे आले. पोरगी डोळे विस्फारून म्हातारीकडे बघतच राहिली.

बाबांबरोबर आधीच मागे सरकलेल्या आईनं पोरीची बाही ओढली. “चल, साहेबांना जागा दे.”

“आई, बाबा, आपण यांच्या आधी आलोय. मी आजींच्या मागेच उभी राहणार.”