जात्याचा वरचा दगड

(कार्डिफ, मार्च १९७३. शुक्रवार, दुपारचे साडेचार. रेवदंड्याहून इथे आलेली बेने इस्राएल ज्यू एस्थर कणीक मळते आहे. तिची सतरा वर्षांची मुलगी रिवका टेबलावर कागद पसरून बसली आहे.)

एस्थर: ते सगळं ऐकलं. आर्किऑलॉजी शिकून नोकरी कुठली, ते सांग.

रिवका: आई, सगळीकडे मोटरवे होतायत. बुलडोझर यायच्या आधी खणून बघायला माणसं लागतात. म्युझियममध्ये लागतात.

एस्थर: किती?

रिवका: मला जायचंय त्या कॉलेजातून मागच्या वर्षी अकरा जण पास झाले. तिघांना काम मिळालं.

एस्थर: आणि बाकीचे आठ?

रिवका: एक बसवर कंडक्टर आहे. बाकीच्यांचं माहीत नाही. खोटं नाही बोलणार तुझ्याशी.

एस्थर: वा! इकडे मेट्रन स्वतःहून म्हणाल्या, पोरीला नर्सिंगला घाला, मी बघते. अकरा वर्षं वॉर्डात लाद्या पुसल्या, बेडपॅन धुतले, ते काय तू चिखल उपसावास म्हणून?

रिवका: मला नर्स नाही व्हायचं. आय मीन इट. दर रविवारी डिगवर खणायला जाते ना मी? पावसात पण जाते. बोटं गारठतात, पण मला तिथेच बरं वाटतं.

एस्थर: मला भीती वाटते गं. माझे हात बघ. तुझे असे व्हायला नकोत.

रिवका: भीती मलाही वाटते. तरी मी करणार. अठरा पूर्ण नाहीत म्हणून तुझी सही पाहिजे. सोमवार लास्ट डे. कॉलेजचा फॉर्म आणि हे ड्रॉइंग आज साडेपाचच्या पोस्टानं गेलंच पाहिजे.

एस्थर: बघू. हे काय, जातं काढलंयस?

रिवका: हो, रोमन लोकांच्या काळातलं. मीच काढलं मातीतून. एकच दगड मिळाला, खालचा.

एस्थर: खालचा कोण म्हणालं?

रिवका: सगळेच. वरून खोलगट आहे ना, बशीसारखा.

एस्थर: आणि हा कडेला खड्डा कसला?

रिवका: ते... डिगवरचे आमचे मास्तर, मिस्टर प्रोथेरो, म्हणाले, तुटलं असेल.

एस्थर: तुटलं कसलं! खुंटा बसवायची जागा ती. खुंटा धरून वरचा दगड फिरवायचा. खालचा जागचा हलत नाही, त्याला खुंटा कशाला? उलटं काढलंयस, बाई.

रिवका: थांब. मग एका बाजूला दगड अर्धा इंच पातळ का? चारदा मोजला. कुणालाच सांगता आलं नाही.

एस्थर: खुंट्याच्याच बाजूला ना?

रिवका: हो!

एस्थर: जोर तिथेच पडतो. रेवदंड्याला आमचंही तसंच झिजलं होतं. शुक्रवारी आई आणि मी दोन दिवसांचं दळायचो, शनिवारी शब्बाथ, जात्याला हात लावायचा नाही म्हणून. पुष्कळ वर्षं दळलंय तुझ्या त्या रोमन काळच्या बाईनं.

रिवका: आई, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नसतं.

एस्थर: तुझ्या मास्तरांनी कधी दळलं नसेल, त्यांना काय कळणार? खोड ते. वरचा लिही.

रिवका: लिहिते. आणि सही?

एस्थर: तिघांना मिळाली म्हणालीस ना नोकरी?

रिवका: हो. तिघांनाच.

एस्थर: हात धुते. पेन काढून ठेव. एकदा शब्बाथचे दिवे लावले की उद्या रात्रीपर्यंत मी लिहायची नाही.