कुसुमबाईंची अर्धी राहिलेली फिल्म

मंडळी, घनसावंगीकर मायबापांनो, बाईंच्या विद्यार्थ्यांनो, मालतीताई,

शाळेच्या या पटांगणात एवढी माणसं मी गॅदरिंगलाच पाहिली होती. तेव्हा बाई पडद्यामागं असायच्या, कुणाची मिशी चिकटवत. आज त्यांचा फोटो पुढं ठेवलाय. भाषण करणं माझं काम न्हाई. पण आज मला बोलावंच लागणार, कारण एक काम अडलंय.

मी जालन्यातला पेंटर. बियाण्यांच्या जाहिराती भिंतीवर रंगवतो. शाळा जेमतेम, ब्रश आपला आपणच शिकलो. एक दिवस मी शिडीवर असताना खालून आवाज आला, "पेंटर, खाली उतरा. मला हलणारी चित्रं करायचीत." बघतो तर तुमच्या चित्रकलेच्या कुसुमबाई. जीपनं आल्या होत्या, केसांत धूळ. मी म्हणालो, "बाई, माझं चित्र हललं तर गिऱ्हाईक शिव्या देतं." हसल्या. पण गेल्या न्हाईत. उतरावंच लागलं.

त्यांना फिल्म करायची होती. हातानं काढलेली. तिच्यात राक्षस न्हाई, परी न्हाई. आपल्याच भागातली दोन लाजरी पोरं, दहावीतली. तो तिच्याकडं बघत न्हाई, ती त्याच्याकडं बघत न्हाई, आणि तरी बघणाऱ्याला सगळं कळतं. कसं कळतं? सुट्टीत दोघं एकाच शेतात कापूस वेचायला जातात. ज्याची त्याची पात ठरलेली, म्हणजे वेचायची ओळ. पोरीची पात मागं पडते. पोरगा आपली संपवतो, आणि घरी जायचं सोडून तिच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वेचायला लागतो. बोलत काहीच न्हाई. ती इकडून, तो तिकडून. दोघांच्या माना खाली. मधलं अंतर मात्र कमी होत जातं. बस, एवढंच. याहून जास्त असतं का हो, पहिलं प्रेम?

बाई पेन्सिलीनं काढायच्या. मी रंगवायचो. लग्नाची शूटिंग करणारे सलीमभाई एकेका कागदावर कॅमेऱ्याचं बटन दाबायचे, सोडायचे. कागद बदलायचा, पुन्हा दाबायचं. चित्र हिसके खात चालायचं. पण चालायचं! पहिल्यांदा पोरानं वाकून बोंडातला कापूस वेचला, तेव्हा सलीमभाई ओरडले, "बाई, ये तो जिंदा हो गया!"

माझा कापूस बघून मात्र बाई म्हणाल्या, "पेंटर, हा तुमच्या बियाण्याच्या पिशवीवरचा कापूस. शेतातला कुठंय? बोंडाला वाळलेला पाला चिकटतो, तो दाखवा." मंग सगळं शेत पुन्हा रंगवलं. सुट्ट्यांमागून सुट्ट्या गेल्या.

अर्धी फिल्म आम्ही इथंच टीव्हीवर दाखवली होती. आठवतं का? एक काका उठले. आता समोरच बसलेत, नाव घेत न्हाई. म्हणाले, "बाई, लेकरांना हे काय शिकवून राह्यल्या?" बाई म्हणाल्या, "काका, हे शिकवावं लागत न्हाई. ज्याला होतं त्याला वाटतं, आपणच एकटे बिघडलो. ते एकटं वाटू नये, एवढंच." आणि मग हळूच, "तुम्ही काकूंची पात कधी घेतलीच न्हाई का?" काकूंनी तोंडाला पदर लावला. काका खाली बसले. काका, तुम्ही हसला होता, मी पाहिलंय.

मंडळी, पात संपत आली, आणि बाई आजारी पडल्या. दोघं समोरासमोर आल्यावर काय होतं, ते चित्र राहून गेलं. मी दवाखान्यात विचारलं. म्हणाल्या, "बोलायला लावू नका त्यांना. पोरगी मान वर करते. तेवढंच. पण घाई करू नका."

त्या गेल्यावर मालतीताईंनी, त्यांच्या धाकट्या बहिणीनं, कागदांचा गठ्ठा बांधून कपाटात ठेवला. "अक्काचा हात आहे त्यावर, दुसऱ्याचा नको." खरंय, ताई. त्यांच्या एकाही कागदावर मी रेघ ओढणार न्हाई. पण फिल्म कपाटात ठेवायची चीज न्हाई. त्या पोरांना तिथंच वाकवून ठेवायचं का जन्मभर? बाईंनी पुढच्या चित्रांसाठी ठेवलेले गठ्ठ्यातले कोरे कागद तेवढे आमच्याकडं द्या. ताई, सगळ्यांसमोर विचारतो. हो म्हणा.

...

मान हलवली, मंडळी. हो म्हणाल्या.

आता माझं अवघड सांगतो. मला चेहरे येत न्हाईत. जाहिरातीतला माझा शेतकरी फक्त हसतो. ही पोरगी काढायला बसलो, तर तीही बियाणं विकायला आल्यासारखी हसून राह्यली! पण मी शिकणार. या वयात शिकणार. कागद फाटतील, फाटू द्या. पुढच्या गॅदरिंगला इथंच, याच पटांगणात, पूर्ण फिल्म लागेल. पडद्यावर बाईंचं नाव येईल. सलीमभाई, कॅमेरा विकायचा न्हाई.

बाई, तुम्हाला या पेंटरचा नमस्कार.

आता आपण सगळे उभे राहू. मान खाली घालून, बाईंसाठी गप्प राहू. आणि पोरींनो, झाल्यावर मान वर कराल ना, ती सावकाश करा. मी बघणार आहे. मला ते काढायचंय.