ओरडून सांगण्याइतकं

हसू नका, पण आमचं लग्न खरं ठरलं ते मिरचीच्या खकाण्यात. एकदा बसून नीट बोलू, असं मी सुशांतला बजावलं होतं. तर हा म्हणतो काय, "रविवारी लालबागला ये. घरचा वर्षाचा मसाला कुटायचाय. समोर उभं राहावं लागतं, नाहीतर आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळते."

गेले. गिरणीतले मसाला कुटायचे डंख धडाधडा चालू, आम्ही दोघं शिंकून बेजार.

"तू मेसेजला उत्तर देत नाहीस," मी म्हटलं.

"काय?"

"माझ्या मैत्रिणींशी धड बोलत नाहीस!"

"जोरात बोल गं!"

आता अख्ख्या रांगेसमोर ओरडून सांगावं असं त्यात होतं काय? घरून निघताना मात्र केवढं वाटत होतं! उरली एकच गोष्ट, जी मी कधीपासून गिळत होते. नाकावरचा रुमाल काढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "लग्नानंतर माझी आई आपल्याकडे राहणार! गिरगावात तिला एकटीला ठेवणार नाही मी!"

हे त्याला ऐकू गेलं. रांगेतल्या बायकांनाही. तो वैतागून म्हणाला, "अगं, मग आधी सांगायचं ना! आणखी किलोभर मिरची घेतली असती."