आईची भिंत आणि टॅन इन्व्हर्स

टॅन इन्व्हर्सचा उपयोग काय म्हणून विचारता? आमच्या आईला विचारा. भूकंपानंतर मुरुडच्या आमच्या घराची मागची भिंत कललीय म्हणून ती आत पाऊल टाकायलाच तयार नव्हती. गवंडी बघून गेला, म्हणाला, "भिंतीला चीर न्हाई, भिऊ नका." तरी तिची चूल अंगणातच.

माझी ताई तेव्हा लातूरला क्लासला होती. सुट्टीत आली तशी तिनं भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. दहा फूट उंचीला दोरी आणि भिंतीचा पाया यांत दोन इंचांचा फरक निघाला. उंचीला त्या फरकानं भागून तिनं टॅन इन्व्हर्सनं भिंतीचा कोन काढला आणि ओरडली, "आई, एकोणनव्वद अंश!"

आई मटकन खालीच बसली. "अगं बाई, एवढी कललीय?"

"आई, हा जमिनीशी कोन हाय. सरळ भिंत नव्वदची असती."

"मंग कललीय किती?"

"एकच अंश. गवंडी खरं बोलला."

आई हसायला लागली, हसता हसता तिनं डोळे पुसले. मग तवा उचलून घरात शिरली आणि आतून ओरडली, "एका अंशापायी अख्खी थंडी बाहेर कुडकुडले व्हय मी!"