गोटमारीत लागलं नव्हतं

जबाब देणार: मुकुंद वल्द दादाजी ढोके, वय २२ वर्षे, शिक्षण पाचवी, धंदा सुरतेला साडी छपाईच्या कारखान्यात मजुरी, मूळ राहणार सौंसर, हल्ली मुक्काम मावशी केसरबाई हिच्या घरी, पांढुर्णा. तारीख ७ नोव्हेंबर १९८६.

मी समक्ष हजर होऊन, जिल्ह्याहून चौकशीला आलेल्या साहेबांपुढे सांगतो की, मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपल्या पायानं आलो. खैरझिरा चौकीत माझा मावसभाऊ अनिल याला मारहाण झाली, त्या चौकशीत माझं म्हणणं लिहून घ्यावं.

यंदा पोळ्याला मी सुरतेहून सुट्टी घेऊन मावशीकडे आलो होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी संत्र्याच्या बगीच्यातली मोटर चोरल्याच्या संशयावरून अनिलला चौकीवाले घेऊन गेले. मोटर पुढं मालकाच्याच भाच्याकडे सापडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. नदीच्या या अंगाला पांढुर्णा, त्या अंगाला सावरगाव, मधात पळसाचं झाड अन् झेंडा, अन् दोन्हीकडून दगड; झेंडा नेईल ते गाव जिंकलं. त्या दिवशी अनिल चौकीतच होता. संध्याकाळी त्याला सोडलं. गावात तेव्हा दर घरी कोणीतरी पट्टी बांधून बसलेलं होतं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

चार-पाच दिवसांनी मावशीच्या घरी परदेशातल्या एका संस्थेची माणसं आली. एक साहेब अन् एक बाई, बाई डॉक्टर होती. सोबत दिल्लीचा एक दुभाष्या. त्यानं सांगितलं की ही संस्था देशोदेशी जाऊन पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाला कसं वागवतात ते पाहते अन् छापते. या खेपेला नुसता आपला देश पाहून राहिले होते. अनिलची हकीकत खरी निघाली तर बाई जखमा तपासून कागद देणार होत्या, तो कोर्टात चालला असता.

मावशी परक्या पुरुषासमोर थेट बोलत नाही. पदर पुढं घेऊन ती माझ्याकडे तोंड करून हळू बोलत होती. ते मी हिंदीत सांगायचं, दुभाष्यानं इंग्रजीत. अनिल भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता.

मावशी म्हणाली, "सांग बाबा त्याईले. माह्या लेकराले दोन दिस नंगा ठेवला. उलटा टांगला. तळव्यावर पट्ट्यानं मारलं. नंगाच नाचवला, अन् हासले. सांग."

दुभाष्यानं विचारलं, "क्या कह रही हैं?"

बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. हातात पेन होता. मी म्हणालो, "गोटमार में लगा."

त्यांना गोटमार माहीत नव्हती. मी सांगू लागलो. झेंडा कसा तोडतात, कुऱ्हाड घेऊन कोण चढतो, सावरगावचे कसे झोडतात. त्या वेळी माझी जीभ चांगली चालली. परदेशी साहेब म्हणाले, हे दरसाल होते? पोलीस अडवत नाहीत? मी म्हणालो, अडवून पाहा म्हणा. साहेब हसले, मीही हसलो. बाईंनी अनिलचे तळवे पाहिले अन् विचारलं, दगड तळव्याला कसा लागतो? मी सांगितलं, नदीत अनवाणी पळाला.

मावशीनं विचारलं, "एवढं काय सांगून राहिला रे?"

मी म्हणालो, "तू म्हणतं तेच सांगून राहिलो, मावशी."

तिनं त्यांना हात जोडले. चहा पाजला.

ते गेल्यावर अनिल पहिल्यांदा बोलला. तो कारंज्याच्या मारवाडी व्यापाऱ्याकडे काम केलेला, त्याला हिंदी चांगली येते. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "मुकुंदा, यंदा झेंडा कोणी नेला रे? मले मालूम नाही पडलं."

 दुसऱ्या दिवशी मी सुट्टी बाकी असताना सुरतेला निघून गेलो.

दिवाळीला परत आलो तेव्हा कळलं की चौकीच्या जमादारानं या चौकशीत लिहून दिलं आहे, परदेशी लोकांनी स्वतः येऊन विचारलं, घरच्याच माणसानं गोटमार सांगितली. त्यावर चौकशी बंद होणार आहे. अनिलचे तळवे आता वरून भरले आहेत, पण तो टाच टेकवत नाही. रात्रीचा दिवा विझवू देत नाही.

भाऊबीजेला जेवताना मावशीनं मला विचारलं, "तुले जमादारानं धमकावलं होतं का रे?" तिनं तसंच धरून ठेवलं आहे. मी भाताकडे पाहत राहिलो. तिनं आणखी वाढलं.

साहेबांनी आता मला विचारलं की, तेव्हा कोणाचा दबाव होता का. सांगतो की, कोणाचा नव्हता. जमादाराला मी ओळखत पण नाही. कोणी पैसे दिले नाहीत. माझ्या भावाला नंगा नाचवला हे परक्या बाईला सांगायची मला लाज वाटली. ते तिकडे छापून येईल, आपल्या घराचं, गावाचं असं वाचतील, याची लाज वाटली. गोटमार तोंडात तयार होती. आमच्याकडे त्या आठवड्यात कोणाचंही काहीही फुटलं तरी हेच सांगतात.

साहेबांनी समज दिली की, आधी एक अन् आता एक सांगितल्यानं माझ्यावर उलटू शकतं. समजलं.

जबाब लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी तो वाचून दाखवला. त्यात मावशीच्या बोलण्याच्या जागी "अपमानास्पद वागणूक दिली" असं लिहिलेलं होतं. मुन्शीजी म्हणाले, "अरे, सरकारी कागद आहे, बायामाणसं वाचतील. अर्थ तोच होते." मी म्हणालो, होत नाही. ते खोडून, केसरबाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत वर लिहायला लावलं. खोडलं तिथं माझी सही आहे. पुन्हा वाचून घेतलं. आता बरोबर आहे.

सही: मुकुंद दादाजी ढोके