आप्पांची फाइल

अरे, तुम्ही हसताय, पण आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, कोपरहून ठाण्याला जातानाही सगळे ओरिजिनल कागद सोबत नेणारा माणूस. मी आयर्लंडला नोकरीला होतो तेव्हा माझी बायको मनाली पंधरा दिवस टुरिस्ट व्हिसावर आलेली. आप्पांनी तिच्या बॅगेत दहावीच्या मार्कशीटपासून डिग्रीपर्यंत अख्खी फाइल भरलेली. एअरपोर्टवरच्या ऑफिसरने ती चाळली आणि विचारलं, "फिरायला आलात की नोकरी शोधायला?" पुढच्याच विमानाने तिला परत पाठवलं. मी बाहेर फुलं घेऊन उभा!

मग वर्षभर खटपट करून तिने खरंच तिकडे नोकरी मिळवली. परत पाठवल्याचं फॉर्मवर खरं ते लिहिलं, तरी वर्क व्हिसा आला. निघताना तिने बजावलं, "आप्पा, फाइल घरीच राहू दे हां."

या वेळच्या ऑफिसरने विचारलं, "डिग्रीची ओरिजिनल आहे का?" हिचा चेहरा पडला. उगाच बॅग उघडली, तर स्वेटरखाली फाइल!

बाहेर आल्या आल्या हिने आप्पांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, कागद तेव्हाही बरोबरच होते. व्हिसा चुकीचा होता."