विरजणाच्या मागावर

नाही, पण विरजणाची वाटी घासायची एवढी काय घाई होती, मला सांगा! बायकोचा तेरावा, घरभर माणसं, मी आपला खुर्चीत बसलेला, आणि आमच्या कांदिवलीच्या शर्मिष्ठावहिनी पदर खोचून फ्रीजमध्ये शिरल्या. बाहेर आल्या त्या थेट सिंकपाशी! म्हटलं, "वहिनी, त्या वाटीत काय होतं?" तर म्हणतात, "दही होतं, भाऊजी. सुतकातलं ठेवत नाहीत!"

ठेवत नाहीत! अहो, ते विरजण होतं! उत्तराच्या आईने लग्नानंतर डब्यातून पाठवलेलं, रोज चमचाभर बाजूला काढून उत्तराने शेवटपर्यंत जिवंत ठेवलेलं! तिच्या हातचं घरात जिवंत असं उरलं होतं काय? एक ते, एक मी. त्यातलं चांगलं ते ह्यांनी ओतून दिलं!

तुम्हाला सांगतो, मी ओरडलो. पंगत बसलेली, लोकांचे घास हातात... मी ओरडलो. आणि वहिनींनी काय म्हणावं? "एवढं काय त्यात, कोपऱ्यावरून डबा मागवते ना!"

तेवढ्यात त्यांची लेक गंधाली मला बाल्कनीत घेऊन गेली. समजूत घालायला. आता समजूत कशी घालतात? पाठीवर हात ठेवतात, गप्प बसतात. ही मायक्रोबायॉलॉजी शिकते, ही मला जंतू सांगायला लागली! "काका, पाण्यात कुठे साखर असली ना, तर काही जंतू पोहत पोहत तिथे पोचतात." म्हटलं, वास येतो? "नाक नाहीये, काका." मग दिसतं? "डोळे नाहीयेत." मग जातात कसे, रिक्षाने? "थोडं सरळ जायचं, आणि मघापेक्षा आता साखर जास्त लागतेय का ते बघायचं. लागत असेल तर तसंच पुढे. नसेल तर एक कोलांटी, आणि तोंड वळेल तिकडे परत सरळ."

आणि त्याला डोकं नाही बरं का! म्हणजे एवढ्याशा जंतूला मघाचं लक्षात राहतं, आणि हिच्या आईला मघाशी सांगितलेलं राहत नाही, की माझ्या फ्रीजला हात लावू नका?

मी खवचटपणे विचारलं, "मग आमचं विरजणही येईल का गं पोहत?" तर पोरगी गंभीर. "नाही काका, दह्यातले पोहत नाहीत. ठेवलं तिथे बसतात. काकूने बिल्डिंगमध्ये कुणाकुणाला विरजण दिलं असेल ना? तुम्हीच जाऊन बघा."

म्हणजे जंतू कोण? मी!

निघालो. आधी शेजारची ऋता. "अय्या काका, आम्ही दूधच सोडलं! बदामाचं पितो." कोलांटी. मग दुसऱ्या विंगमधला सीताराम. "होतं ना! कवडी पडायची कवडी! गावाला गेलो आणि वाया गेलं हो..." बघा, मघापेक्षा जास्त लागायला लागलं. म्हटलं, बोल, पुढे बोल. "पण आमच्याकडून देवदत्तची बायको प्रेमा घेऊन गेलीय. तिच्याकडे असणार."

देवदत्त! बरोब्बर आमच्या खालचा! आमच्या बाथरूमचं पाणी त्याच्याकडे गळतं, असं तो म्हणतो. पाइप सोसायटीचा आहे, असं मी म्हणतो. बोलणं बंद! तो लिफ्टमध्ये दिसला की मी जिन्याने. उत्तरा गेली त्या दिवशी तो खांदा द्यायला आला, तेव्हासुद्धा आम्ही बोललो नाही. त्याच्या दारात मी जाऊ? मी?... आणि पाय निघाले हो! डोकं ओरडतंय, "कोलांटी मार, कोलांटी!" आणि पाय सरळ! जंतूचं एक बरं आहे. त्याला डोकं नाही!

बेल वाजवली. देवदत्तने दार उघडलं. "काय, मान्य आहे का गळती?" म्हटलं, "विरजण हवंय." तो आत वळून एवढंच म्हणाला, "प्रेमा, उत्तरावहिनींचं दही आण गं."

आणलं तिने. म्हणाली, "आधी चव तर बघा, भाऊजी." एक चमचा तोंडात घातला...

तेच.

आता मी कुणाच्या दारात रडणारा माणूस नाही. आणि देवदत्तच्या तर नाहीच नाही! डोळ्यांतलं खाली पडू नये म्हणून मी मान वर केली, आणि वर, त्यांच्या आतल्या पॅसेजच्या छतावर, हा एवढा ओला डाग! पोपडे लोंबतायत, खाली बादली, बादलीत टप्... टप्...

देवदत्त म्हणाला, "बघितलंत?"

तोंडात उत्तराचं दही! खोटं बोलायचं कसं, तुम्हीच सांगा! मान डोलावली.

चिडलोय हो, अजून चिडलेलोच आहे. वहिनींवर, त्या पोरीवर, तिच्या जंतूंवर. दही लागलं छान. पण सोमवारपासून आमच्या बाथरूमच्या लाद्या फोडतायत, आणि काम होईपर्यंत रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून मला आंघोळीला जायचंय... देवदत्तकडे!